वेट आउट

भांडगावच्या म्हाळूचा बाप मेंढरांमागं फिरला. म्हाळू मात्र नौदलात गेला आणि जहाजाच्या वायरलेस खोलीत कानाला हेडफोन लावून बसला. खरखरीतून बोलायचं तर तिथं शब्द ठरलेले असतात आणि एका शब्दाचा एकच अर्थ असतो. ते शब्द त्याच्या जिभेवर असे बसले की निवृत्तीनंतर शिरूरच्या मार्केट यार्डात कॉम्प्युटर ऑपरेटर झाला तरी सुटले नाहीत. घरच्या फोनवरही तो 'ओव्हर' म्हणायचा. बायको गिताबाई पदर तोंडाला लावून हसायची. अर्थ तिनं कधी विचारले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरपुढंच त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बायकोचं नावही ओठांवर येईना. महिन्याभरानं अचानक बोलला तो एकच शब्द, "रॉजर." डॉक्टर म्हणाले, "फार घोकलेलं कधीकधी मागं राहतं. तेवढ्यावर समाधान माना."

गिताबाईनं ते मानलं. जेवायला वाढू? रॉजर. अंगावर पांघरूण घालू? रॉजर. रॉजर म्हंजी हो, असं तिनं धरलं. कधी वाढलेलं ताट तो डाव्या हातानं लोटून द्यायचा, तेव्हा तिला वाटायचं, आजारी माणूस, चिडत असंल.

घरात म्हाळूची आई साळूबाई होती. ती दिवसभर त्याच्या उशाशी बसून मेलेल्या हाताला तेल चोळायची. तिला त्याच्या शब्दांची गरज पडत नव्हती. पण ती न्हाणीत पडली, खुबा मोडला, आणि गिताबाईला दोन माणसं उचलायची वेळ आली. तिची कंबर धरली. भांडगावाहून थोरला दीर गेणबा फोनवर म्हणाला, "आईला माझ्याकडं दे."

गिताबाई नवऱ्याजवळ बसली. "अवं, आईंना गावी पाठवू का? मला दोघांचं व्हईना."

"रॉजर," म्हाळू म्हणाला. मग घाईघाईनं, कधी नव्हे ते, "वेट आउट. वेट आउट."

आउट म्हंजी भाईर, एवढं तिला ठाऊक होतं. "व्हय, व्हय, भाईरच बसवते त्यास्नी. गाडी येतीयाच." तिनं सासूला ओट्यावर नेऊन बसवलं. आतून आवाज येतच राहिला. साळूबाई म्हणाली, "गिता, पोरगं हाका मारतंय." तोवर जीप आली होती.

हिवाळा सरता सरता साळूबाई भांडगावातच वारली. दहाव्यानंतर दौंडचे ज्ञानदेव भेटायला शिरूरला आले. ते म्हाळूबरोबर एकाच जहाजावर होते. गिताबाईनं चहा दिला आणि सहज म्हणाली, "आईंना पाठवताना हेंनी लगेच व्हय म्हटलं, भावजी. रॉजर म्हणाले."

ज्ञानदेवांनी कप खाली ठेवला. "वहिनी, रॉजर म्हणजे हो नव्हे. ऐकू आलं, एवढंच."

"आन् वेट आउट?"

त्यांनी पलंगावरच्या म्हाळूकडं पाहिलं. मग म्हणाले, "त्याचा अर्थ, आत्ता सांगता येत नाही, थोड्या वेळानं सांगतो. तोवर थांबा."

गिताबाई भिंत धरून खाली बसली. मग सरकत पलंगाशी गेली. "अवं, तुम्हास्नी आई हितंच पायजे हुत्या का?"

म्हाळूनं तोंड भिंतीकडं फिरवलं. चांगला खांदा हलत होता. ज्ञानदेव उठून दारात जाऊन उभे राहिले.

त्यांनी नंतर येऊन येऊन म्हाळूकडून नकारासाठी 'निगेटिव' म्हणवून घेतलं. आता नको असलेली भाकरी ताटात पडत नाही. पण गिताबाई काही विचारायला गेली की अर्ध्यातच उठून कामाला लागते.

उन्हाळ्यात तिनं त्याला भांडगावला नेलं. गेणबानं दोघांना आईच्या खोलीत सोडलं. खाटेवर साळूबाईचं घोंगडं घडी करून ठेवलेलं होतं. म्हाळूनं डाव्या हातानं ते ओढलं, मांडीवर घेतलं आणि त्यात तोंड खुपसलं. गिताबाई उंबऱ्यापाशी उभी राहिली. आत यावं की नाही, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही मान वर केली नाही. परतीच्या गाडीत ते घोंगडं दोघांच्या मधल्या जागेत होतं.