पाचवा शब्द

आमच्या रेडिओ केंद्रावर सव्वीस वर्षं एक निवेदक होता. गावात त्याचं खरं नाव कुणी घेत नसे. रोज सकाळी पहिल्यांदा माईक उघडला की तो म्हणायचा, "सात वाजले!" म्हणून लोकांनी त्याचं आडनावच सातवाजे करून टाकलं. पोस्टमन त्याच नावाने पत्रं आणून द्यायचा. त्याच्या बायकोला शेजारणी सातवाजेवहिनी म्हणायच्या आणि ती बिचारी आधी चिडून, मग नाइलाजाने ओ द्यायची.

मी काचेच्या अलीकडचा माणूस. म्हणजे तंत्रज्ञ. तो काचेच्या पलीकडे माईकपाशी बसायचा आणि मी अलीकडे बटणांपाशी. नवराबायकोसुद्धा एकमेकांची तोंडं इतकी वर्षं रोज समोरासमोर बघत नसतील.

माणूस मोठा नखरेल. रेडिओवर दिसतंय कुणाला, पण केस विंचरल्याशिवाय माईकपुढे बसायचा नाही. डोळ्यांना लांबचं धड दिसेना, तरी स्टुडिओत चष्मा लावायचा नाही. "चष्मा लावला की आवाज म्हातारा होतो," असं त्याचं म्हणणं. यावर काय बोलणार? मी कपाळाला हात लावला आणि सोडून दिलं.

त्या नखऱ्यापायी आमच्यात एक पद्धत पडली होती. सकाळच्या कार्यक्रमात लोक फोन करून आपल्या माणसांना शुभेच्छा द्यायचे. फोन आधी मी घ्यायचा, कोण आहे, काय म्हणायचंय ते विचारायचं, जाड पेनाने कागदावर लिहून कागद काचेला टेकवायचा. चष्मा नाही म्हणून अक्षर वीतभर हवं. वीतभर अक्षरात एका कागदावर चारच शब्द मावायचे. पाचवा लिहिला की तो काचेतून डोळे वटारायचा. गाणं लागलं की ओरडायचा, "अरे, तू कादंबरी लिहायला बसलास का तिथे?" पुढे पुढे मला चार शब्दांची इतकी सवय झाली की घरीही बाजाराच्या यादीत मी चार वस्तूंवर थांबायचो.

आणखी एक सांगायला हवं. फोनवरचं बोलणं थेट बाहेर जात नसे. आठ सेकंद उशिरा जायचं. मधे कुणी शिवी दिली, काही भलतंसलतं बोललं, तर माझ्यापुढे एक लाल बटण होतं. ते दाबलं की तेवढं बोलणं गाळलं जायचं. आम्ही त्याला कात्री म्हणायचो. सव्वीस वर्षांत मी ती अकरा वेळा चालवली, तीही प्रत्येक वेळी फोन करणाऱ्यावर. आपल्याच माणसावर चालवायची वेळ येईल असं कधी मनातही आलं नव्हतं.

त्या दिवशी तीन फोन एकदम लागले. एक बाई होत्या. लाँड्री चालवायच्या. एकेक शब्द चाचपडत, जड जिभेने बोलत होत्या. म्हणाल्या, "मला... पक्षाघात झाला होता. बोलायला... वेळ लागतो. चालेल ना? मुलीची... परीक्षा आहे आज." मी म्हटलं, "चालेल की ताई, सावकाश बोला." आणि कागदावर लिहिलं, "लाँड्रीवाल्या ताई, मुलीची परीक्षा." चार शब्द झाले. पाचवा मनात आला होता, हे मी आज कबूल करतो. पण दुसरा फोन वाजत होता, चहा गार होत होता, आणि वाटलं, बोलतायत की बऱ्यापैकी, कशाला. कागद काचेला टेकवला.

बाईंनी बोलायला सुरुवात केली. "हॅ... हॅलो. मी... माझ्या... मु..."

सातवाजे रंगात होता. तो म्हणाला, "अहो ताई, सकाळी सातलाच? लोक निदान दिवस मावळेपर्यंत तरी दम धरतात!"

बाई पुन्हा बोलू लागल्या. शब्द आणखी अडकले. तो म्हणाला, "आधी बाटलीला बूच लावा, मग शुभेच्छा द्या. मुलगी होईल हो पास, आईचं काय ते बघा!" आणि त्याने गाणं लावलं.

आठ सेकंद होते माझ्याकडे. आठ सेकंद म्हणजे काही कमी नसतात. तेवढ्यात माणूस घोटभर चहा पिऊन कप खाली ठेवतो. मी काय करत होतो? मी हसत होतो. बाईंना काय झालंय हे ठाऊक असलेला केंद्रातला एकटा माणूस मी, आणि मी हसत होतो. त्याचं बोलणंच असं होतं की ऐकलं की आधी हसू यायचं, मग अक्कल. अक्कल आली तेव्हा बोलणं बाहेर गेलं होतं.

दहाच मिनिटांत त्या मुलीचा फोन आला. ती रडत ओरडत होती. आईने आठवडाभर एका कागदावरून चार ओळी बोलायचा सराव केला होता, असं ती म्हणाली. दुपारपर्यंत ते बोलणं गावातल्या प्रत्येक फोनवर पोचलं. ज्यांनी ते ऐकून हसून घेतलं होतं, त्यांनीच संध्याकाळी केंद्राच्या फाटकापुढे उभं राहून त्याला काढून टाका म्हणून घोषणा दिल्या. मी खिडकीतून बघितलं. त्यात आमचा चहावालाही होता, मेला.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. संचालकबाई, वरच्या कार्यालयातले एक साहेब आणि एक वकील, असे तिघं. मुलीची लेखी तक्रार टेबलावर होती. आईला कुणी बोलावलंच नव्हतं. तिला बोलता येत नाही, मग बोलावून काय करायचं, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. वकिलाने मला विचारलं, "फोन जोडण्याआधी त्या काही म्हणाल्या होत्या का तुम्हाला?"

सातवाजे माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. माझ्या डोळ्यांपुढे घर आलं, बायकोचं आजारपण आलं, निवृत्तीला उरलेली चार वर्षं आली. मी म्हटलं, "आठवत नाही."

"आणि ते बटण?"

माझ्याआधी सातवाजेच म्हणाला, "साहेब, विनोद माझा होता. त्याला कशाला मधे घेता?"

त्याला काढून टाकलं. मला ताकीद मिळाली. त्याने आपला कप, कंगवा आणि खुर्चीवरची उशी पिशवीत भरली. जाताना काचेवर टिचकी मारली. मी अलीकडून हात केला. दारापर्यंत गेलो नाही.

लोक मला अजून विचारतात, एका वाक्यासाठी माणसाची नोकरी जावी का? सुरुवातीला मी तावातावाने सांगायचो, नाही, मुळीच नाही. सव्वीस वर्षं एका पारड्यात आणि एक वाक्य एका पारड्यात, हा कुठला न्याय? दंड करा, माफी मागायला लावा, महिनाभर घरी बसवा. हे मी सातवाजेलाही सांगितलं. तो दर बुधवारी माझी पाळी संपायच्या वेळी केंद्रासमोरच्या चहाच्या टपरीवर यायचा. मान खाली घालून चहा ढवळत बसायचा.

"बरोबर केलं त्यांनी," तो म्हणाला.

"काय बरोबर केलं? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"मी जाऊन आलो तिच्याकडे. माफी मागितली. तिने केलंही माफ. पण त्या दिवसापासून ती फोन उचलत नाही. कुणाचाच. बहिणीचासुद्धा नाही. तिची बोलायची उमेद मी घालवली रे. मग माझी नोकरी गेली तर काय बिघडलं?"

मी चहाचे पैसे द्यायला उठलो. खरं म्हणजे तिथे बसवेना. तेवढ्यात त्याने विचारलं, "झोप लागते ना रे तुला नीट?"

"लागते की," मी म्हटलं.

त्याचं पुढे फार वाईट झालं. आवाज हीच त्याची ओळख होती आणि आता तोच लपवायची वेळ आली. भाजीच्या दुकानात त्याने "अर्धा किलो टोमॅटो" म्हटलं की चार माना वळायच्या. कुणी हळूच म्हणायचं, बूच लावा. मग तो बोटाने दाखवू लागला. बसमध्ये कंडक्टरपुढे सुटे पैसे धरायचा आणि स्टॉपचं नाव वहिनी सांगायच्या. एकदा दवाखान्यात नर्सने नाव विचारलं, तर याने खिशातून कागद काढून लिहून दिलं. ज्या माणसाच्या आवाजावर गाव घड्याळं लावायचं, तो स्वतःचं नाव लिहून द्यायला लागला होता. मला वहिनींनी हे सांगितलं तेव्हा मी रडलो. वहिनींना वाटलं, केवढी ही मैत्री. त्या मलाच धीर द्यायला लागल्या.

सांगायचं ठरवून मी तीनदा संचालकबाईंच्या दारापर्यंत गेलो. एकदा त्या बैठकीत होत्या. एकदा सुटीवर होत्या. तिसऱ्यांदा जागेवर होत्या, म्हणाल्या, "या, बसा." मी पंखा आवाज करतो म्हणून तक्रार करून परत आलो. पंखा दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला.

तीन वर्षं गेली. एका मंगळवारी, सकाळचे अकरा वाजले असतील, सातवाजे आंघोळीला म्हणून उठला आणि तिथेच कोसळला. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी केंद्रात म्हटलं, त्याच्या आवाजाच्या ध्वनिफिती आहेत, अर्धा तास तरी लावू. संचालकबाई म्हणाल्या, उगीच जुनं उकरून कशाला काढायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या निवेदिकेने सात वाजल्याचं सांगितलं आणि हवामान वाचलं. त्या दिवशी बुधवार होता. मी सवयीने टपरीवर गेलो आणि दोन चहा सांगून बसलो.

पंधरा दिवसांनी वहिनींनी मला बोलावलं. हातात लाँड्रीची पावती दिली.

"भाऊजी, त्यांचे दोन शर्ट राहिलेत तिथे. तेवढे आणाल का? मला नाही जाववत."

"कुठली लाँड्री?"

"तीच. गावाच्या दुसऱ्या टोकाची. तीन वर्षं तिथेच टाकत होते कपडे. मी म्हणायचे, कोपऱ्यावर आहे की एक. ऐकतील तर शपथ."

लहानसं दुकान होतं. वाफेचा आणि साबणाचा वास. बाई एका हाताने इस्त्री करत होत्या, डावा हात पोटाशी धरलेला. मी पावती पुढे केली आणि म्हटलं, "ताई, दोन शर्ट आहेत. सावकाश द्या, घाई नाही."

त्यांनी इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुम्ही... फोन घेणारे," त्या म्हणाल्या.

आपलाही आवाज कुणाच्या लक्षात राहत असेल हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी काचेच्या अलीकडचा माणूस. नाही म्हणावं असं वाटलं, जीभ तयारच होती. पण त्या इतक्या शांतपणे बघत होत्या की मी मान डोलावली.

"मी... सांगितलं होतं... तुम्हाला."

"हो ताई. सांगितलं होतं."

तीन वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. मग एकदम धडकी भरली आणि विचारलं, "तुम्ही हे... त्यांना सांगितलंत? सातवाजेंना?"

"पहिल्याच... दिवशी. माफी... मागायला आले... तेव्हा."

त्या शर्ट शोधायला वळल्या नाहीत. त्यांना आणखी काही सांगायचं होतं आणि शब्द येत नव्हते. मी थांबलो. आठ सेकंद किती तरी वेळा होऊन गेले असतील. त्या दिवशी सातवाजेने आणि मी एवढंच करायला हवं होतं.

"म्हणाले... तोंड माझं होतं. त्याला... कळू देऊ नका. त्याला... झोप लागायची नाही."

शर्ट कागदात बांधून त्यांनी माझ्या हातात दिले. पैसे घेतले नाहीत. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. येणारीजाणारी माणसं बाजूने जात होती.

दर बुधवारी तो मला विचारायचा. तीन वर्षं, एकही बुधवार न चुकता. झोप लागते ना रे तुला नीट? मला वाटायचं, वय झालं की माणसं असलं काहीबाही विचारतात. मी चहा पीत पीत म्हणायचो, लागते की, चांगली लागते.

आणि खरंच लागत होती हो. तेच आता सहन होत नाही.