इंजिनाला न लागलेला शिक्का

आमचे हे टपाल कचेरीत शिक्क्याच्या खिडकीवर बसतात. तिथं सगळे त्यांना 'इंजिनसाहेब' म्हणतात, कारण आगगाडीच्या टपाल तिकिटांचं वेड. नवं तिकीट निघालं की त्याच दिवशी ते खास पाकिटावर चिकटवायचं आणि वर त्या तारखेचा शिक्का उमटवायचा, झालं फर्स्ट डे कव्हर. आपल्या अल्बममध्ये आपल्याच हातचा शिक्का हवा, हा ह्यांचा हट्ट. तोही गोल, स्वच्छ, तिकिटाच्या कोपऱ्यावर, इंजिनाला शाईचा ठिपकाही न लावणारा. इतकं जपून ह्यांनी कधी मला हाताला धरलं नाही.

यंदा चिमट्यातून तिकिटं निसटायला लागली. "स्प्रिंग गेली," म्हणाले आणि नवा चिमटा आणला. मग आणखी एक. त्यातूनही तिकीट पडलं. सासऱ्यांचा कंपवात असाच सुरू झाला होता. आधी बटण लागेना, मग घास तोंडापर्यंत जाईना. शेवटची सहा वर्षं मी त्यांना भरवलं. हे दारात उभे राहून बघायचे, आत यायचे नाहीत.

ह्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

"हात कधीपासून थरथरतोय?"

"झाले असतील काही महिने," हे म्हणाले.

डॉक्टरांनी कागद चाळले. "रक्तदाबाची ही गोळी पाच महिन्यांपूर्वी सुरू केली. त्यानंतर थरथर आली असेल, तर गोळी बदलून बघू. आधीची असेल तर..." पुढचं त्यांनी गिळलं. "नीट आठवून उद्या सांगा."

आठवायचं कशाला? घरात तारीखवार पुरावा होता! घरी येताच मी भिंग घेऊन अल्बम बघायला बसले. शेवटचं कव्हर सात महिन्यांपूर्वीचं. शिक्का कसा, वाटी ठेवून आखल्यासारखा. त्याआधीचेही तसेच. माझा जीव भांड्यात पडला. गोळीच ती मेली!

"अल्बम नको नेऊस," सकाळी हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो," म्हणत मी तो काखेत मारला.

डॉक्टरांसमोर शेवटचं पान उघडलं. "बघा, तारीख बघा. ह्यांच्याच हातचा आहे. आहे कुठं थरथर?"

डॉक्टर हसले, चिठ्ठीवर नव्या गोळीचं नाव लिहू लागले. हे अल्बमकडे बघत होते. कान लाल झाले होते.

"थांबा," हे म्हणाले. "हा शिक्का माझा नाही. शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी मारलाय. मीच विनवलं होतं."

एवढा हट्टी माणूस! दुसऱ्याच्या हातचा शिक्का गुपचूप घरी आणून अल्बममध्ये लावत होता, आणि मी तोच पुरावा म्हणून मिरवत आणला होता.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तुमच्या हातचा शेवटचा कोणता?"

ह्यांनी पान मागं उलटलं. मान हलवली. आणखी एक उलटलं. गेलं वर्ष गेलं, त्याआधीचं गेलं. मी मनात म्हणत होते, आता थांबा हो, इथं तरी थांबा. हे थांबेनात.