डावीकडचं दार

नव्या बायपासवर भर दुपारी माझ्या गाडीत टिंगटिंग सुरू झालंय. शेजारच्याने बेल्ट लावलेला नाही, असं गाडी सांगतेय. शेजारची सीट रिकामी आहे.

मामाच्या कांद्याच्या टेम्पोतली ती दुपार आठवली. जुन्या घाटातल्या वळणावर थांबून मामानं मला आत सरकायला लावलं, डावीकडचं दार उघडलं आणि रिकाम्या रस्त्याकडं बघत म्हणाला, "बसा पावणं." माझा खांदा गार पडला. घाटाखाली म्हसोबापाशी त्यानं पुन्हा दार उघडलं. "उतरा."

"कोन व्हतं, मामा?"

"वाट बघनारं. हितंच उतरवायचं. न्हाई तर घरापतूर येतंय."

तेव्हा मी हसलो होतो. आता घाट ओस पडलाय, आणि बायपासला म्हसोबा लागतच नाही. टिंगटिंग अजून थांबलेलं नाही. घर जवळ येतंय.