वेदीवरचं स्वयंपाकघर

माझ्या खोलीच्या खिडकीत एका संताची फक्त पावलं होती. घोट्यांपर्यंत रुळणारा तपकिरी झगा, त्याखाली गुलाबी काचेची दोन अनवाणी पावलं आणि पावलांशी निळ्या-हिरव्या काचांचं गवत… सकाळी ऊन चढलं की ती पावलं माझ्या पांघरुणावर उतरायची आणि भिंतीवरून सरकत सरकत दुपारपर्यंत दाराशी पोचायची. त्या संताचे गुडघे, जोडलेले हात, शांत मुखमंडल आणि मागची सोनेरी प्रभावळ हे सगळं वरच्या मजल्यावर, ग्रेग नावाच्या एका तरुण वकिलाच्या बाथरूममध्ये होतं. बिल्डरने चर्चच्या उंच पोकळीत मध्येच एक मजला घातला होता, आणि तो नेमका संताच्या पायांतून आरपार गेला होता. ग्रेग पाहुण्यांना हे मोठ्या कौतुकाने सांगायचा, की मी दाढी करताना एक संत माझ्यासाठी प्रार्थना करत असतो. पाहुणे हसायचे.

आम्ही त्या घरात राहायला गेलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं. न्यू जर्सीतलं ते एक जुनं गिरणीगाव. गिरण्या कधीच बंद पडल्या होत्या, कामगारांची मुलं चहूकडे पांगली होती, आणि पोलंडहून आलेल्या त्यांच्या आज्या-पणज्यांनी पै-पै करून बांधलेलं लाल विटांचं चर्च रविवारीसुद्धा भरेनासं झालं होतं. उरलेल्या मंडळींना हायवेजवळच्या दुसऱ्या चर्चात सामावून घेतलं, आणि या इमारतीचे ‘लॉफ्ट’, म्हणजे उंच छतांचे मोकळे फ्लॅट, झाले. भाविकाने तीर्थक्षेत्राचं नाव घ्यावं तसा हा शब्द बाबा उच्चारायचे.

बाबा पुण्याचे, एका औषध कंपनीत इंजिनियर. त्याआधी आम्ही पिस्कॅटवेला राहत होतो – बसकं, साधं, उबदार घर, शेजारी चार मराठी कुटुंबं, गॅरेजमध्ये तांदळाची पोती. बाबांना त्या घराची लाज वाटायची. “आपल्या लोकांची घरं बघ, सगळे शूबॉक्सेस,” ते आईला म्हणायचे. “आणि हे बघ. धिस प्लेस हॅज कॅरेक्टर.” आई नागपूरची, मोजकं बोलणारी. ती पहिल्यांदा त्या दारातून आत आली, मान वर करून तिने ते प्रचंड लाकडी छत पाहिलं, आणि नंतर खाली पाहून पायातल्या चपला काढल्या. बिल्डरचा माणूस म्हणाला, त्याची काही गरज नाही. आईने त्या हातात धरल्या आणि अनवाणीच सारं घर पाहिलं.

त्या घराचा वास अजून माझ्या नाकात आहे… ओल्या दगडाचा, जुन्या मेणाचा, लाकडात मुरलेल्या धुपाचा, आणि त्या सगळ्यावर थापलेल्या नव्या रंगाचा. बेडरूमच्या डोक्यावर मजला घातला होता, पण बैठकीचा भाग थेट छतापर्यंत मोकळा होता, आणि याच मोकळेपणावर सगळ्यांचा जीव जडलेला होता. त्यात राहून पाहिलेलं कुणी असं कौतुक करणार नाही. हिवाळ्यात हीटरची सारी ऊब त्या उंचीकडे निघून जायची आणि खाली आम्ही घरात कोट घालून जेवायचो. थंडीचे तीन महिने आईची बोटं पोळ्या लाटताना निळसर दिसायची. एका कोपऱ्यात कुजबुजलेलं दुसऱ्या कोपऱ्यात स्पष्ट ऐकू यायचं, त्यामुळे आईबाबा भांडायचे ते गाडीत बसून. आणि फोडणीचा वास एकदा वर गेला की आठवडाभर खाली येत नसे. मोहरी-हिंगाचा तो जुना ढग डोक्यावर घेऊन बाबा पाहुण्यांना वाइन ओतत आणि ‘स्पेस’विषयी बोलत.

जिथे वेदी होती तिथे बिल्डरने स्वयंपाकघर केलं होतं. दोन-तीन दगडी पायऱ्या चढून जायचं तो चौथरा, त्यावर संगमरवरी ओटा, त्यावर शेगडी. जाहिरातीत म्हटलं होतं की स्वयंपाक करणारी व्यक्ती इथे रंगमंचावर असेल. आई त्या रंगमंचावर मान खाली घालून भेंडी चिरायची. देव्हारा कुठे मांडायचा हा प्रश्न पडला तेव्हा तिने फार विचार केला नाही, त्याच चौथऱ्याच्या कोपऱ्यात पूर्वेला तोंड करून मांडला. “इथे आधीपासून देवाचीच जागा आहे,” ती म्हणाली. बाबांना ते खटकलं. समई त्यांच्या इंटीरियरमध्ये बसत नव्हती.

बाकी रहिवाशांची थेरं काय सांगावीत. दाराशी पवित्र जलाचं दगडी पात्र होतं, त्यात त्यांनी फर्न लावलं होतं. ज्या अंधाऱ्या लाकडी कपाटात बसून पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी आपली पापं पाद्र्याच्या कानात सांगितली, त्यात आता ओले रेनकोट आणि स्कीइंगच्या काठ्या ठेवल्या जात. यांच्यातलं कुणी कधी चर्चला जात नव्हतं. रविवारी सकाळी हे लोक अकराला उठत, ब्रंचला जात, आणि येताना दाराशी क्षणभर थांबून आपल्याच इमारतीकडे मान कलती करून पाहत. दुसऱ्याच्या श्रद्धेचा रिकामा सांगाडा घ्यायचा, त्यातली माणसं वजा करायची, आणि उरलेल्या उंचीला आत्मा म्हणायचं, असा तो शौक होता.

एका शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर एक म्हातारी बाई उभी होती – जाडा करडा कोट, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात पर्स घट्ट धरलेली. मिसेस नोवाक. ती दोन गल्ल्या सोडून राहत होती. तिने आईला सांगितलं, की तिचं लग्न या चर्चात झालं, मुलाचा बाप्तिस्मा इथेच झाला, आणि तो व्हिएतनामहून शवपेटीत परत आला तेव्हा ती पेटीही इथेच ठेवली होती. आज त्याचा वाढदिवस. एकदा आत पाहता येईल का?

बाबा पुढे झाले. त्यांना वाटलं, त्यांचं घर पाहायला आणखी एक रसिक आला. त्यांनी तिला स्पीकर दाखवले, लपवलेले दिवे दाखवले. ती मान हलवत राहिली आणि तिची नजर चौथऱ्यावर खिळून राहिली. तिथे आई वांग्याचं भरीत करत होती. आईने एकवार तिच्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. भाजकं वांगं ताटलीखाली झाकलं, ओटा ओल्या फडक्याने पुसला, आणि बाजूला झाली.

मिसेस नोवाक खालच्या पायरीशी गुडघे टेकून बसली. थोड्या वेळाने तिला देव्हाऱ्यातली समई दिसली.

“इज दॅट फॉर गॉड?” तिने विचारलं.

“येस,” आई म्हणाली.

“मी माझी मेणबत्ती तिथे लावली तर चालेल?”

आईने काड्यापेटी तिच्या हातात दिली. समईशेजारी, बाळकृष्णासमोर, ती मेणबत्ती संध्याकाळपर्यंत जळली. त्या दिवशी आम्ही भरीत दुपारी तीनला खाल्लं, आणि बाबांनी त्याबद्दल कुरकुर केली.

मग ती दर शनिवारी येऊ लागली. आई तिच्यासाठी आल्याचा चहा करायची, ती कधी खसखशीचा रोल आणायची. दोघींचं इंग्रजी वेगवेगळ्या ठिकाणी अडखळायचं, त्यामुळे त्यांचं छान जमायचं. बाबांना सुरुवातीला हा प्रकार आवडला. पार्टीत सांगायला किस्सा मिळाला. “पीपल स्टिल कम टु प्रे अॅट अवर प्लेस, यू नो,” ते म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याचे डोळे अपेक्षेप्रमाणे विस्फारायचे.

पण बाकीच्यांना ते आवडलं नाही. मिसेस नोवाक आत येताना सवयीने दाराशीच्या दगडी पात्रात हात नेई, फर्नच्या मातीला बोटं लागत, आणि त्याच बोटांनी ती कपाळाला स्पर्श करी. एकदा ग्रेगच्या पाहुण्यांनी ते पाहिलं. मग रहिवाशांची मीटिंग आमच्या घरी भरली, कारण आमची बैठक सगळ्यात मोठी. आईने बटाटेवडे तळले. ग्रेगने दोन वडे खाल्ले, बोटं पुसली आणि म्हणाला, “लुक, शी इज अ स्वीट ओल्ड लेडी. पण ही आता खाजगी जागा आहे. उद्या तिच्यासारखे आणखी येतील.” कुणी म्हणालं, तिला पाहून डिप्रेसिंग वाटतं. कुणी म्हणालं, दाराचं कुलूप बदलू या, बाहेरच्यांना मज्जाव करू या. मत घ्यायचं ठरलं. हात वर झाले. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांचाही हात वर गेला.

आई वर चौथऱ्यावर झारा घेऊन उभी होती. बिल्डरने म्हटल्याप्रमाणे खरोखर रंगमंचावर.

“अहो,” ती मराठीत म्हणाली, “हात खाली घ्या.”

त्या घरात हळू बोललेलंही सगळीकडे जायचं. शब्द कुणाला कळले नाहीत, पण सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबांचे कान लाल झाले. हात तसाच राहिला. आईने गॅस बंद केला आणि उरलेलं पीठ झाकून ठेवलं.

पुढच्या शनिवारी मिसेस नोवाक आली तेव्हा बाबांनीच दारात जाऊन तिला नियम सांगितला. फार सौजन्याने सांगितला, त्यांचं इंग्रजी अशा वेळी विशेष चांगलं व्हायचं. तिने ऐकून घेतलं आणि वर त्यांचे आभार मानले. ती पायऱ्या उतरत असताना आई माझ्यासमोरून कोट घालत बाहेर गेली – हातात चहाचा थर्मास आणि देव्हाऱ्यातलं निरांजन. मीही मागोमाग गेले. बर्फ पडून गेलेलं होतं. आईने पायरीवर सतरंजी टाकली, दोघी शेजारी बसल्या, मिसेस नोवाकने मेणबत्ती लावली, आईने निरांजन. वारा ज्योत टिकू देईना, तेव्हा दोघी आळीपाळीने ओंजळीचा आडोसा करत राहिल्या.

त्या हिवाळ्यात त्या दर शनिवारी तिथे बसल्या. त्याच पायऱ्यांवरून बाहेर निघालेली मंडळी अंग चोरून जात, आणि त्यांच्या गडद चष्म्यांमागे मला एक प्रकारची चीड दिसायची. पायऱ्या सार्वजनिक होत्या, तिथे त्यांचा नियम चालत नव्हता. बाबा आतून खिडकीशी उभे असत. एकदा त्यांनी आईला विचारलं, “लोक काय म्हणतील?”

“कुठले लोक?” आईने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

वसंतात एका सकाळी तिने देव्हारा रजईत गुंडाळला, गाडीच्या मागच्या सीटवर माझ्याशेजारी ठेवला आणि पिस्कॅटवेला, तिच्या मैत्रिणीकडे, सुधाकाकूंकडे आली. सुधाकाकूंनी पानं मांडली. “आधी जेवा,” म्हणाल्या. गरम वरणभात होता. खोलीत ऊब होती. मी तिथेच ताटावर पेंगले, एवढं मला आठवतं.

बाबा त्या मोकळ्या उंचीखाली एकटे राहिले, जेमतेम ग्रीष्म लागेपर्यंत. आईने त्यांना या म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही. मग एका रविवारी ते सुधाकाकूंच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, इथेच दोन गल्ल्या सोडून एक घर विकायला आहे. बसकं आहे. आई घर पाहायला गेली आणि आधी गॅलरीत न जाता हीटरवर हात ठेवून पाहिला. लॉफ्ट एका फोटोग्राफरने घेतला.

मी आता मिनिआपोलिसजवळ, ईडन प्रेरीला राहते. इथेही अधूनमधून कुणी सहकारी सांगतो, की मिनिआपोलिसमध्ये एका चर्चचे लॉफ्ट होताहेत, त्यांनी नाव नोंदवलंय, त्या जागेत सोल आहे. मी म्हणते, छान. मनात म्हणते, तो तुम्ही येण्याआधी तिथे होता, बाबांनो… तुम्ही कुलूप बदललंत तेव्हा तो पायऱ्या उतरून गेला.

मिसेस नोवाक पुढेही आमच्याकडे येत राहिली. शनिवारी आई तिला गाडीने आणायची. आमच्या फॉरमायका लावलेल्या किचनमध्ये तिची मेणबत्ती जळायची आणि ती आईबरोबर मटार सोलायची. मी हायस्कूलला गेले त्या हिवाळ्यात ती गेली. अंत्यविधी हायवेजवळच्या त्या चर्चात होता – शाळेच्या जेवणघरासारखी ठेंगणी इमारत, फरशीवर गालिचा, घडीच्या खुर्च्या. रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्यांनी जागा गच्च भरली होती आणि त्यांच्या ओल्या कोटांना लोकरीचा वास येत होता. पहिली रांग मात्र रिकामी होती. नवरा गेलेला, मुलगा गेलेला, तिथे बसायला कुणी नव्हतं.

आई पांढऱ्या साडीवर कोट घालून आली होती. काळ्या सुटातला एक माणूस तिच्याजवळ आला आणि हलक्या आवाजात त्याने विचारलं, “आर यू फॅमिली?”

“येस,” आई म्हणाली.

त्याने आम्हाला पुढे नेलं. बाबा टोपी हातात घेऊन रांगेच्या तोंडाशी घुटमळले. आईने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली, आणि ते तिच्या शेजारी बसले.