सायकलवरून उतरले ती शर्यत

माझं माहेर फार लांब नव्हतं. सकाळचा स्वयंपाक आटोपून सायकलनं निघालं, तर दुपारी आईच्या चुलीपाशी बसता आलं असतं. पण मधे जंगल, त्या वाटेनं बस नाही, आणि यांना मला सोडायला सवड सापडायची ती फक्त सणाला. सायकल मला येत होती. धान मळून झाल्यावर यांनीच खळ्यावर शिकवली होती, तणसाच्या ढिगावर पाडून पाडून. पण गावातून सून सायकलवर जाणार कशी? मोठं माणूस दिसलं की उतरायचं, पदर डोक्यावर घ्यायचा आणि बाजूबाजूनं चालायचं, ही आमच्याकडची रीत. आणि आमच्या मोठ्या चिंचेखाली नात्यानं सासरा लागणारं कोणी ना कोणी बसलेलंच असायचं.

त्या हिवाळ्यात चामोर्शीहून खेळाचे एक नवीन मास्तर आले. त्यांनी शर्यत काढली. तलाव पोहून जायचा, तिथून फाट्यापर्यंत सायकलनं जाऊन परत यायचं, आणि मग शाळेपर्यंत पळायचं, सगळं एका दमात. बायांचीही शर्यत ठेवली. पहिल्या बाईला नवीकोरी लेडीज सायकल!

यांनी मला न विचारता माझं नाव सांगून टाकलं. मी नाही म्हटलं नाही, कारण नाही म्हणायलाही चारचौघांत तोंड उघडावं लागतं. नणंद पोट धरून हसली. "वहिनी, तू तं दुकानात मीठ मांगाले लाजते, अन् गावासमोर पळशीन?"

पण मनात सायकल पक्की बसली होती. साऱ्या गावासमोर जिंकलेली, माझी स्वतःची सायकल. मग तिच्यावर बसून आईकडे जायला मला कोण अडवणार?

शर्यतीला आम्ही चौघी होतो. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या दोन मुली, दवाखान्यातल्या नर्सबाई आणि मी. नर्सबाई कमरेएवढ्या पाण्यात गेल्या आणि "मायवं, किती चिखल!" म्हणत माघारी फिरल्या. मी तर शिंगाड्याच्या तलावावर वाढलेली. काष्टा आवळला आणि सुटले. पाणी गार, ऊन कोवळं, कानात नुसता खळखळाट. पलीकडे निघाले तेव्हा मागं दोन डोकी अजून तलावाच्या मधात होती.

मास्तरांनी भाड्याच्या सायकली मांडून ठेवल्या होत्या. ओल्या लुगड्यानिशी मी एकीवर टांग मारली. पाणी टपटप गळत होतं, चाकावरून उडून माझ्याच पाठीवर येत होतं, आणि मला हसू आवरेना. रस्ता उताराचा होता. पदर मागं फडफडत होता. असं वाटलं, आता हात सोडले तरी मी पडणार नाही.

आणि चिंच आली.

खाली खाटेवर मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि गावचे सगळे म्हातारे. खास सूनबाईची शर्यत पाहायला बसलेले. माझं डोकं म्हणत होतं, जा. पण पाय कोणाचं ऐकतात! मी टुणकन उतरले, डोक्यावर पदर घेतला आणि सायकल हातात धरून खाली मान घालून चालू लागले. दोघी मुली बाजूनं घंटी वाजवत निघून गेल्या.

मामाजी खाटेवरून उठलेच. "अवो, उतरली काऊन? पंक्चर झाली का?"

मी चिंच ओलांडली, पुन्हा बसले, जोर लावला, एकीला गाठत आणलं. तर नाल्याच्या पुलावर भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, उभे. पुन्हा उतरले. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अवो शर्यत आहे ना बाई! मी झाड आहो असं समज!"

फाट्यावरून वळले ते रडू आणि हसू एकदम दाबत. पुलावर भासरे नाल्याकडे तोंड करून मासे पाहत होते. मी तशीच गेले. पुढं चिंच दिसली आणि पाय आपोआप सैल झाले. पाहते तर काय, सगळे म्हातारे रस्त्याकडे पाठ करून रांगेनं उभे! मामाजी चिंचेच्या बुंध्याला ओरडून सांगत होते, "हाण व बाई, हाण! इथी कोणी नाई!"

दुसरे एक जण मान वळवून म्हणाले, "गेली का?"

"पाहू नको ना बुढ्या! उतरन ना थे!"

मी इतकी हसले की हँडल लटपटलं. पण उतरले नाही. पळताना एका मुलीला मागं टाकलं. दुसरी मात्र उंच टांगांची, ती आधीच शाळेत पोचली होती. सायकल तिची झाली. मला पाणी भरायचा स्टीलचा गुंड मिळाला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी गुंड तोंडासमोर धरून त्याच्याआड उभी होते. तिनं माझी सायकल हातानं ढकलत नेली तेव्हा मात्र हसू थांबलं.

घरी जेवताना मामाजी माझ्याकडे न पाहता यांना म्हणाले, "आम्ही तिथी बसलो नसतो तं सायकल आपल्या घरी आली असती."

मामाजींनी आणखी एक घास खाल्ला. "रविवारी तुई सायकल घरीच राह्यते ना? जाऊ दे तिले मायकडे. अन् बाई, मी दिसलो तरी उतरजो नको. आता सांगून ठेवतो."

रविवारी मी गेले. दांडीची उंच सायकल, वाटभर मोहाची झाडं, आणि मी एकटीच मोठ्यानं बोलत होते, कोणाशी कोण जाणे. आई अंगणात भांडी घासत होती. मी सायकल कुडाला टेकवली.

"कोणासंग आली व?"

"कोणासंगच नाई."

आई तांब्या हातात घेऊन फाटकापर्यंत आली आणि माझ्या मागच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहतच राहिली.