कॉफीची रांग आणि सोहमची तोंडी परीक्षा

"मॅडम, तुमच्या मुलांच्या मॉडेलप्रमाणे कॉफीची रांग रस्ता ओलांडून समोरच्या देवळात शिरायला हवी," बाहेरून आलेले परीक्षक रावसर म्हणाले. "प्रत्यक्षात तीन-चार माणसंही नसतात. काय मार्क द्यायचे याला?"

फळ्यासमोर त्या मुलांपैकी सोहम उभा होता.

बेंगळुरूच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी गणित शिकवते. मॅथेमॅटिकल मॉडेलिंग म्हणजे रोजच्या व्यवहारातला एखादा प्रश्न समीकरणांत मांडायचा, उत्तर काढायचं आणि ते प्रत्यक्षाशी ताडून बघायचं. या टीमने बसवनगुडीतल्या एका हॉटेलातली कॉफीची रांग घेतली होती. आत येणारी माणसं मोजली, एका कॉफीला लागणारा वेळ मोजला, मॉडेल केलं. ते प्रत्यक्षाशी जुळेना. पण पठ्ठ्यांनी आकडे मारून मुटकून बसवले नाहीत, आहे तसे दाखवले. तेवढ्यावर मी खूश होते.

टीम प्रोजेक्टचं एक जुनं दुखणं असतं. एक-दोघं राबतात, बाकीचे नुसती सही करतात. म्हणून प्लॅनिंग करतानाच मी नियम केला होता: तोंडी परीक्षेला चिठ्ठी टाकून एकालाच बोलवायचं, आणि त्याच्या उत्तरांवर सगळ्या टीमचे मार्क. चिठ्ठी नेमकी सोहमची निघाली. टीममधला सर्वांत कच्चा. यात नापास झाला तर इलेक्ट्रॉनिक सिटीतली ठरलेली नोकरी हातची जाणार होती. बाकीचे तिघे पुण्या-नागपूरकडचे, हुशार, हॉस्टेलवाले. ते दाराबाहेर नखं खात होते. माझाच नियम माझ्या गळ्याशी आला होता.

"सर, स्वल्प वेळ द्या ना," सोहम म्हणाला. पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेल्या मराठी घरातला मुलगा. कुठलीही भाषा बोलला तरी मध्ये कन्नड डोकावतंच.

"समीकरणं पुसून टाक," रावसर म्हणाले. "तू हॉटेलात गेलास. पुढे काय होतं? शब्दांत सांग."

"मी नि आमचा थोरला अण्णा जातो, सर. कूपन घेतो. काउंटरवर देतो. एक बाय-टू सांगतो..." तो थांबला. मग कपाळावर हात मारला. "अय्यो! सर, माणसं दोन, कॉफी एक! आम्ही माणशी एक धरली!"

बाय-टू म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत. इथे निम्मी जनता तशीच पिते. माणशी एक धरली की कॉफीवाला कधीच पुरा पडत नाही आणि कागदावरची रांग वाढतच जाते. हॉस्टेलवाल्यांना हे माहीत नव्हतं. सोहमला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

त्याने अडखळत, पण पुन्हा हिशेब मांडला. रस्त्यावर गेलेली रांग काउंटरपाशी परत आली.

"गृहीत धरलेलं चुकलं, त्याचे मार्क कापा," रावसर म्हणाले. "चूक स्वतः पकडली, त्याचे द्या."

"म्हणजे पास ना?" माझा आवाज जरा मोठाच निघाला.

"सरी, सरी. ठीक आहे, चांगला पास."

बाहेर तिघांनी सोहमला खांद्यावर घेतलं. मला अगदी हायसं वाटलं.

यंदापासून समीकरण लिहिण्याआधी प्रत्येकाने सगळा प्रकार आपल्या शब्दांत टीमला सांगायचा, असं मी ठरवून टाकलं आहे. मुलं कुरकुरतात, "मॅडम, एवढं साधं काय सांगायचं?"

मी म्हणते, तेच आधी सांगा.