अक्कासोबतचा शब्दांचा डाव

दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला हिंगोलीतलं आमचं कार्यालय पेंगायला लागतं. पंखा फिरत असतो, मोंढ्याच्या बाजाराकडून हळदीचा वास येतो आणि समोरच्या कागदावरच्या ओळी पाण्यात पडल्यासारख्या हलतात. त्याच वेळी खिशातला मोबाईल एकदा थरथरायचा. अक्कानं शब्द लावलेला असायचा.

अक्का माझी थोरली बहीण. कनेरगाव नाक्यावर तिचा आणि दाजींचा ढाबा आहे. ट्रकवाले जेवून बाजेवर आडवे झाले की तिला तासभर उसंत मिळते. भाचीनं आम्हा दोघांच्या मोबाईलवर इंग्रजी शब्दांचा हा खेळ घालून दिला होता. प्रत्येकाला सात अक्षरं मिळतात, त्यांतून पटावर शब्द जुळवायचा, अक्षर अवघड असेल तर गुण जास्त. एकाचा शब्द झाला की दुसऱ्याची पाळी.

अक्का सातवीपर्यंत शिकलेली. तिचे शब्द रस्त्यावरचे. टायर, हॉर्न, ब्रेक, ऑइल. माझे कुठून यायचे ते आता सांगून टाकतो. मोबाईलवर एक जागा सापडली होती. आपल्याकडची अक्षरं तिथं टाकायची, झेड असलेला शब्द पाहिजे, वाय असलेला पाहिजे, असं मागायचं, की खाली शब्दांची रांग लागे. त्यातला सगळ्यात भारदस्त मी उचलायचो. अर्थही तिथूनच वाचून घ्यायचो, कारण संध्याकाळी अक्काचा फोन येणार आणि ती अर्थ विचारणार हे ठरलेलं. एकदा मी ‘झेफिर’ लावला. पश्चिमेकडून येणारा मंद वारा, असं तिला सांगितलं. “मंद वाऱ्याला येवढा जड शब्द काहून?” ती म्हणाली आणि हसली. मग भाचीच्या जुन्या वहीत लिहून घेतला. माझे सगळे शब्द ती त्या वहीत लिहीत असे.

हे मला फार आवडायचं, हे कबूल करतो. त्या पेंगुळल्या दुपारी डोळे मिटले की अक्षरं पापण्यांच्या आत तरंगत राहायची, सावरीच्या म्हाताऱ्या उडतात तशी, आणि वाटायचं की हे सगळं खरंच आपल्याला येतं. दाजी सांगायचे, ढाब्यावर चहाला थांबलेल्या अनोळखी ड्रायव्हरलाही ती वही दाखवते. म्हणते, माझा भाऊ हिंगोलीला शिकला, बघा त्याचं इंग्रजी.

ती असं का म्हणायची, ते मला ठाऊक होतं. अक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण मला शाळेत न्यायला-आणायला कुणीतरी पाहिजे म्हणून तिला माझ्याच वर्गात घातलेलं. गावची शाळा सातवीपर्यंत. इंग्रजीचा अभ्यास ती तोंडी सांगायची आणि मी माझ्या वहीत उतरून घ्यायचो. सातवीच्या शेवटी गुरुजींनी आमच्या बाबांना बोलावलं. दोघांपैकी एकाला हिंगोलीला वसतिगृहात ठेवा म्हणाले, आणि माझी वही पुढे केली. आपल्या गावावर दहा ओळी इंग्रजीत लिहिल्या होत्या. गुरुजींनी विचारलं, हे तूच केलंस ना? अक्का दाराशी उभी होती. मी होकारार्थी मान हलवली.

मी हिंगोलीला गेलो. पुढे नोकरी लागली, संसार झाला. इंग्रजी मात्र मला कधी आलं नाही. कार्यालयातलं इंग्रजी पत्र आजही मी शेजारच्या टेबलावर सरकवतो.

मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी तिचा फोन भर दुपारीच आला. आवाज पडलेला. काय झालं, तब्येत बरी आहे ना, मी विचारलं.

“भाऊ, एक चुकी झाली माझ्याकून. काल म्या गाडीचा ‘ॲक्सल’ लावला ना, तो मला येत नव्हता. समोरच्या दुरुस्तीवाल्याच्या पाटीवर पाहून लावला. ते गुण काटून टाक.”

गुण असे काटता येत नाहीत, असं काहीतरी मी बोललो. मग पुढल्या डावात माझे तेवढे कमी धर, ती म्हणाली. तिला रात्री झोप नव्हती. फोन ठेवल्यावर मला पंख्याचा आवाज ऐकू येईना.

रविवारी एसटीनं नाक्यावर उतरलो. खरं सांगितलं तर मी हलका होणार, पण तिचं काय होणार, हे वाटभर मनात होतं. तिची शाळा माझ्यापायी सुटली, आणि बदल्यात निदान भावाला इंग्रजी आलं, एवढीच तिची जमा होती. तीही मीच काढून घ्यायला निघालो होतो.

ढाब्यावर कोणी नव्हतं. उन्हात रस्ता वितळून वाहत असल्यासारखा दिसत होता. अक्का कोथिंबीर निवडत बसली होती. मी मोबाईल काढला, ती जागा उघडली, अक्षरं टाकून शब्द कसे येतात ते करून दाखवलं. सगळे असेच लावले, म्हणालो. तिनं दोनदा स्वतः अक्षरं टाकून पाहिली. मग आतून वही आणली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

“तुझे सोताचे कोणते, त्याच्यावर खूण कर.”

मी पानं उलटत गेलो. पाच खुणा झाल्या. खरं तर चारच. पाचवी करून परत पुसली.

मग त्या दिवशी गुरुजींपुढं मान हलवल्याचंही बोललो. ती कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिली.

“त्या धा ओळी अजून पाठ हायेत मला,” ती म्हणाली. “तू तवा बोलला असतास, तर म्या गेले असते.”

“व्हय,” मी म्हणालो.

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. जाऊ दे, असंही नाही. एक ट्रक येऊन थांबला, ती उठली, आणि जाता जाता मला जेवून जायला सांगितलं.

त्याला आता काही महिने झाले. तिचा फोन येतो; माझ्या बायकोच्या गुडघ्यांचं विचारते, सोयाबीनचं सांगते. खेळाचा विषय काढत नाही. भाचीकडून कळलं की दुपारी अक्का आता तिच्याशी खेळते आणि बऱ्याचदा जिंकते. माझ्याशी नवा डाव तिनं मांडलेला नाही. मीही विचारत नाही. नाही म्हणायची पाळी तिला आजवर कधी मिळाली नव्हती. ती तिच्याकडे राहू द्यावी.